मोबाइलपुढचा चहा

पहिल्यांदा डॉक्टर मोबाइलवर आले तेव्हा आईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला होता. थट्टा नाही करत. मोबाइल शेवेच्या डब्याला टेकवून उभा केलेला, त्याच्यासमोर चांगल्यातली कपबशी आणि बशीत दोन बिस्किटं. डॉक्टर पलीकडं आपल्या कॉम्प्युटरकडं पाहत होते. त्यांना ना कप दिसला, ना मी धड दिसले. चार मिनिटांत बोलणं आटोपलं, चहावर साय धरली आणि आई हिरमुसून म्हणाली, "घोटभर तरी घेतला असता बापा." मी पोट धरून हसले. तेव्हा मला हसू येत होतं.

आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत वऱ्हाडातून रायपूरला आले आणि बूढ़ापारा मोहल्ल्यात राहिले. मी तिथलीच. चोविसाव्या वर्षी गच्चीवर पापड वाळत घालताना मागं सरकत गेले आणि गल्लीत पडले. कमरेखालचं सगळं त्या दिवशी गेलं. पाय तर गेलेच, पण जाणीवही गेली. चटका बसला तर कळत नाही, खिळा टोचला तर कळत नाही. पुढं वर्ष-दोन वर्षांत रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. भाड्याच्या बंगल्यांतून घाईघाईत सरकारी ऑफिसं उघडली, फायली आल्या आणि त्या टाइप करायला माणसं पुरेनात. अपंगांच्या कोट्यातून मला संविदेवर घेतलं, म्हणजे दर वर्षी नवा करार आणि दर वर्षी नवी धाकधूक. राजधानीनं बाकीच्यांना काय दिलं ते त्यांचं त्यांनी सांगावं. मला तिनं रोज सकाळी घराबाहेर पडायला कारण दिलं. मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेऊन मी बूढ़ापाऱ्यातून शंकर नगरच्या ऑफिसात जायची, वीस वर्षांच्या वर गेले.

हे सगळं एका गोष्टीवर चालतं, ती म्हणजे बसता येणं. ज्याला खालचं काही जाणवत नाही त्याची बसून बसून कातडी मरते. हाडाखाली घाव होतो, आतल्या आत वाढतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. तो खोल गेला की महिनोन्महिने पालथं पडून राहायचं. आणि पालथ्या पडलेल्या टायपिस्टचा करार कोण वाढवतो? म्हणून अर्ध्या अर्ध्या तासानं हातांवर अंग उचलून धरायचं, रोज आरशात मागचं पाहायचं आणि महिन्यातून एकदा दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचं, असा माझा नेम होता.

दवाखान्याचा दिवस मला विषासारखा वाटायचा. ऑफिसला स्कूटर दारातूनच निघायची, पण दवाखाना स्कूटरनं झेपणार नाही एवढा लांब, तिथं भाड्याची गाडीच लागायची. आमची गल्ली इतकी अरुंद आणि खड्ड्यांची की गाडी तोंडाशीच थांबते आणि व्हीलचेअर चालत नाही. तिथपर्यंत भाऊ आणि भाड्यानं सांगितलेला एक माणूस मला उचलून नेणार. माझा भाऊ माझ्याहून लहान, उरला औद्योगिक भागात लोखंडाच्या कारखान्यात ऑफिसात आहे. त्याची अर्ध्या दिवसाची रजा जायची आणि ती गेलेली त्याच्या तोंडावर दिसायची. गल्लीतली रिकामटेकडी मंडळी फुकटचे सल्ले द्यायला हजर. "सम्हाल के भैया, सिर बचाओ, पैर उधर करो." मी म्हणजे कपाट. त्या कपाटाला कान आहेत हे कोणाच्या गावीही नसायचं.

आणि दवाखान्यात ती आया. छत्तीसगढी बाई, पन्नाशीची, हाताला जनावरासारखी ताकद आणि तोंडाला लगाम नाही. पडदा ओढायची, "चल ओ, करवट ले" म्हणायची आणि मला तव्यावरच्या पोळीसारखी उलथायची. मग वाकून पाहायची, बोटानं दाबायची आणि चक्क नाक लावून वास घ्यायची. मी शिकलेली, ऑफिसात बसणारी, आणि ही माझ्या ढुंगणाचा वास घेऊन राहिली! मला तिचा मनापासून तिरस्कार होता. आरसा रोज पाहायचे त्याचं खरं कारणही तीच. काही लाल दिसलं तर ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी मला झापायची.

मग दवाखान्यानं योजना काढली. घरबसल्या डॉक्टर. अपंगांनी यायची गरज नाही, डॉक्टर मोबाइलवर पाहतील. भावाला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. त्यानं कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागं यादीच केली. गाडी वाचली, उचलणारा माणूस वाचला, त्याचा चहा-नाश्ता वाचला, रजा वाचली. "ताई, पाह्य ना, किती वाचून राहिले," असं म्हणून ती पत्रिका त्यानं माझ्या नाकापुढं धरली. मी त्याला आत्ता हसते, पण खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. मला कोणी उचलणार नव्हतं. कोणी माझा वास घेणार नव्हतं. त्यासाठी मी अजून काय काय दिलं असतं कोण जाणे.

आता आईचं सांगते. हीच आई दवाखान्यात ड्यूटीवर असेल त्या डॉक्टरांचा कोट धरून रडायची. माझ्या पोरीचं कसं होईल, रात्रभर झोपत नाही, पाहा ना तिच्या पाठीकडं, एक ना दोन. तिथं आपण मागायला गेलेलो असतो, तिथं रडायला लाज कसली? पण माणूस आपल्या घरी आला की त्याच्यापुढं रडगाणं गायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग तो मोबाइलमधून का येईना! फोनची वेळ झाली की आई पलंगावर ठेवणीतली चादर घालायची. माझं भांडं, नळ्या, पिशव्या पडद्याआड. मला इस्त्रीचा कुर्ता, तोंडाला पावडर, आणि वर उदबत्ती. डॉक्टर विचारायचे, "कोई तकलीफ? कोई घाव?" आई हात जोडून म्हणायची, "नहीं नहीं साहब, सब ठीक है, आपकी दया से." झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टर खूश व्हायचे, लिहायचे ठीक, आणि पुढचा पेशंट घ्यायचे. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर शेळी लंगडते की नाही हे कोण उतरून पाहतो?

चौथ्या की पाचव्या महिन्यात अंग पुसताना आई म्हणाली, "लाल दिसून राहिलं गं थोडं. घामोळं असन." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला लाल दिसलं म्हणजे मी तेव्हाच समजायला हवं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरले दाखवायचं का?"

"कसं दाखवतं? मोबाइल कोण धरून असते?"

पहिल्या खेपेनंतर मोबाइल भाऊच धरून असायचा, कारखान्याला निघण्याआधी. आईला तो धरता येत नव्हता, बोट लागलं की बंद पडायचा. आणि नेटवर्क यायचं फक्त बाहेरच्या खोलीत, दाराशी. त्या दारातून गल्लीतलं येणारं-जाणारं प्रत्येक माणूस आत डोकावणार. तिथं भावाच्या हातातल्या मोबाइलपुढं मी सलवार खाली करायची? तो बिचारा मान फिरवून उभा राहिला असता, आणि मग जन्मभर दोघंही एकमेकांकडं पाहू शकलो नसतो. दवाखान्यात एक मळका पडदा होता आणि एक तोंडाळ बाई होती. ही दोन्ही भावाच्या यादीत कुठंच नव्हती, कारण त्यांचे पैसे कधी कोणी दिलेच नव्हते.

आता म्हणाल, आरसा होता ना? होता. मी पाहायचं सोडलं होतं. झापणारं कोणी राहिलं नाही, तर कशाला वाकडं तिकडं व्हा? दुसऱ्यांना नावं ठेवायला मी पहिली, पण त्या पाच महिन्यांत सगळ्यात मूर्ख बाई त्या घरात कोण होती ते मला चांगलं ठाऊक आहे.

पुढच्या फोनला डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोई घाव?" आई नेहमीप्रमाणे बोलली. मी पावडर लावून बसले होते. मीही म्हटलं, "सब ठीक."

त्यानंतर दवाखान्यातून एका बाईचा फोन आला. ती या योजनेची कोऑर्डिनेटर, गोड आवाजाची, प्रत्येक वाक्यात दोनदा दीदी म्हणणारी. योजनेला सहा महिने होत होते, मोठा कार्यक्रम होता, मुख्य अतिथी येणार होते, आणि लाभार्थी म्हणून मी मंचावर येऊन घरबसल्या किती बचत झाली ते सांगायचं होतं.

मी म्हटलं, "तो मोबाइल पर ही बोल देती हूँ ना."

"नहीं दीदी, मोबाइल पर कैसे? फोटो होगी, अखबार वाले आएँगे. आपको आना ही पड़ेगा दीदी. गाड़ी हम भेजेंगे, चार आदमी भेजेंगे."

बघा आता. माझी पाठ तपासायला एक गाडी परवडत नव्हती. मी न आल्यानं किती फायदा झाला हे सांगायला मात्र गाडी आणि चार माणसं! असल्या लोकांना काय म्हणावं? मी फोन ठेवला आणि भावाला म्हटलं की मी जाणार नाही. भावानं तोंड पाडलं, आई म्हणाली की एवढं बोलावलं तर नाही म्हणू नये. शेवटी गेले. दोन दिवस अंगात कणकण होती. आम्हाला वाटलं लघवीचा ताप असेल, तो मला अधूनमधून येतोच.

चार माणसांनी मला उचललं, गल्लीनं सल्ले दिले, सगळं पूर्वीसारखं. मुख्य अतिथी दीड तास उशिरा आले. ते येईपर्यंत आम्हा लाभार्थ्यांना मंचाच्या बाजूला ओळीनं मांडून ठेवलं होतं, छातीवर कागदी फुलं लावून. कोऑर्डिनेटरनं मला एक कागद दिला, त्यावर मी काय बोलायचं ते लिहिलेलं. मला थंडी वाजत होती आणि अक्षरं हलत होती.

पाणी वाटत वाटत ती आया आली. मला पाहून थबकली. मी मान वळवली, म्हटलं ही इथं तरी सोडेल. तर ती वाकली, आणि एवढ्या माणसांत तिनं नाक लावलं.

"का के बास आवत हे ओ?"

कसला वास येतोय, असं ती विचारत होती. माझे कान तापले. मी म्हटलं, "जाओ यहाँ से." ती कसली जाते! तिनं पाण्याचा ट्रे तिथंच एका खुर्चीवर आदळला, माझी व्हीलचेअर मागं ओढली आणि मंचामागच्या एका खोलीत नेऊन कडी लावली. तिथं जुनं टेबल होतं. मला एकटीनं उचलून तिनं त्यावर टाकलं, उलथलं, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. ही बाई गप्प झाली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"कब ले हे?" ती म्हणाली. "तोर दाई नइ देखिस?"

केव्हापासून आहे, आईनं पाहिलं नाही का? वरून रुपयाएवढं तोंड होतं, ती म्हणाली, आणि आत तिचं अख्खं बोट जात होतं. मला काहीच दुखत नव्हतं. मी टेबलावर पालथी पडून समोरच्या भिंतीचे पोपडे मोजत होते.

तेवढ्यात मंचावर माझं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. कोऑर्डिनेटर धावत आली आणि दार ठोकायला लागली, "दीदी, दीदी, आपका नंबर है." आया आतूनच ओरडली, "जा, कहि दे मर गे."

मग माझ्या जागी भाऊ मंचावर गेला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. गाड़ी बची, आदमी बचा, मेरी छुट्टी बची, आना-जाना बचा. त्याला सगळं पाठ होतं. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. इकडं आया दात-ओठ खाऊन कापूस दाबत होती आणि म्हणत होती, डॉक्टरला बोलवा कोणी तरी, आणि सगळे डॉक्टर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

मला तिथंच भरती केलं. मोबाइलवरचे डॉक्टर संध्याकाळी प्रत्यक्ष आले, पहिल्यांदाच पूर्ण दिसले, मला वाटलं होतं त्याहून बुटके. म्हणाले, "आपने बताया क्यों नहीं? मैं तो हर बार पूछता था." माणूस खोटं बोलत नव्हता. दर वेळी विचारत होता. अशा माणसाला शिव्यासुद्धा देता येत नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. आई पदर तोंडाशी धरून उभी होती. भाऊ त्या दिवसापासून मान खाली घालून डबा आणायचा आणि मान खाली घालून जायचा. ती लग्नपत्रिका नंतर मला घरात कुठं दिसली नाही.

ऑपरेशन झालं, मांडीचं मांस फिरवून खड्डा बुजवला, आणि मग साडेचार महिने मी पालथी, थोडे दवाखान्यात आणि बाकीचे घरी. जेवण पालथं, झोप पालथी, लोकांशी बोलणं त्यांच्या चपलांशी. माझ्या व्हीलचेअरवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडायला लागला. कोणी मुद्दाम नव्हतं करत, रिकामी जागा होती म्हणून टाकत होते.

ते महिने सरल्यावर दवाखान्याचा फोन आला की पुढची तपासणी मोबाइलवर. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं. आई ठेवणीतली चादर काढायला उठली.

"चादर ठेव," मी म्हटलं आणि भावाकडं बोट केलं. "उदबत्ती पण नको. याच्या हातातून मोबाइल घे, याले बाहेर पाठव आणि दार लाव."

"मले नाही जमत गं तो मोबाइल."

"मग शिक. नाही तर गाडी सांग, दोन माणसं सांग आणि मले उचलून न्या."

मले उचलून न्या, हे शब्द माझ्या तोंडून निघाले. ज्या उचलण्याला मी वीस वर्षं शिव्या घातल्या त्याच्यासाठी हट्ट धरून बसले. भाऊ दारात उभा होता. तो गाडी सांगायला गेला.

दवाखान्यात आयेनं मला उलथलं, पाहिलं, दाबलं, वास घेतला. मी श्वास धरून पडले होते. माझी सलवार वर ओढून म्हणाली, "बने हे." चांगलं आहे. मग तिनंच डॉक्टरांना बोलावून आणलं, आणि त्यांनी सांगितलं की एका वेळी अर्धा तास बसा, जास्त नाही. बाहेर पडताना कोऑर्डिनेटर भेटली. तिचा चेहरा पडला. "दीदी, आप क्यों आ गईं? आप तो हमारी घर वाली लिस्ट में हैं." मी म्हटलं, लिस्टीत राहू द्या ना मला घरी, तिथल्या मला घाव होत नाहीत.

त्याच आठवड्यात ऑफिसातून साहेबांचा फोन. करार संपत आला होता. आवाजात इतकी माया की माझ्या अंगावर काटा आला. "आप अब घर पर ही आराम कीजिए. जब काम होगा, हम फोन पर भेज देंगे, पन्ने के हिसाब से. आपका आना-जाना भी बचेगा." म्हणजे करार नाही, पगार नाही, स्कूटर नाही, शंकर नगर नाही. मी घरात पडून राहिले की दवाखान्याला परवडतं, भावाला परवडतं, सरकारलाही परवडतं. मी सगळ्यांना घरातच परवडते. मी विचारलं, साहेब, हे तुम्ही मला समोर बसवून सांगाल का? ते हसले, म्हणाले, उसकी क्या ज़रूरत है.

दुसऱ्या दिवशी मी व्हीलचेअरवरचे कपडे भावाच्या पलंगावर टाकायला लावले. भावानं गाडी सांगितली, त्यानं आणि त्या भाड्याच्या माणसानं मला उचललं. गल्लीनं सल्ले दिले, मी एकेकाकडं पाहून "हव, हव" म्हटलं. स्कूटर चालवायला अजून परवानगी नव्हती. गाडीत मागच्या सीटवर आडवी पडून गेले, अर्धा तास वाया जाऊ नये म्हणून. शंकर नगरला साहेबांच्या दारातच भावानं मला उचलून व्हीलचेअरवर बसवलं, आणि मी घड्याळ पाहिलं.

साहेब उठून उभे राहिले. "अरे, आप क्यों आईं? फोन कर देतीं."

"आपने कहा था घर पर आराम करूँ," मी म्हटलं. "वही सुनने आई हूँ. कहिए."

त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. पंख्याकडं पाहिलं. फोनवर इतकी सहज निघणारी माया समोर बसलेल्या बाईपुढं घशातून वर येईना. मीही मदत केली नाही, आईसारखं सब ठीक म्हटलं नाही. दारात भाऊ उभा होता आणि तोही या वेळी खाली पाहत नव्हता. शेवटी साहेबांनी फाइल मागवली. वर्षाचा करार सहा महिन्यांचा केला, पठ्ठ्यानं तेवढं तरी कापलंच, आणि सही केली. मग सुटल्यासारखा चेहरा करून शिपायाला म्हणाले, "मैडम के लिए चाय लाओ."

चहा आला, गरम होता, बशीत दोन बिस्किटंही होती. मी घड्याळ पाहिलं. माझी वीस मिनिटं अजून उरलेली होती, म्हणून मी तो बसून सावकाश प्यायले.